खिशात बाळगायचा घडीचा चाकू : कमी पैशांत कसा पारखावा

शेतकऱ्याला खिशातला चाकू रोज लागतो तो किरकोळ कामांसाठी. खताच्या पोत्याची शिवण कापणे, ठिबकची नळी बेताने छाटणे, सुतळी तोडणे, जेवणाच्या सुटीत धुऱ्यावर बसून कांदा चिरणे, अशी ती कामे असतात. त्यांना ७ ते ८ सेंटीमीटर लांबीचे आणि २ ते ३ मिलिमीटर जाडीचे पाते पुरेसे होते. याहून जाड पाते दणकट दिसते खरे, पण कांदा चिरण्याऐवजी फोडते. फांदी तोडायची असेल तर कुऱ्हाड किंवा कोयता घ्यावा.

तालुक्याच्या बाजारात असो वा ऑनलाइन, ५०० ते १,००० रुपयांच्या आसपास कामाचा चाकू मिळू शकतो. मात्र त्याची पारख पात्याच्या चकाकीवरून करू नये. बोथट धार दगडावर पुन्हा आणता येते, पण पाते ज्या खिळ्यावर फिरते तो सैल निघाला किंवा उघडे पाते अडकवून ठेवणारा खटका कच्चा निघाला, तर तो चाकू बोटांसाठी धोक्याचाच. म्हणून दुकानातच चाकू पूर्ण उघडावा, मूठ एका हाताने घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पाते दोन्ही बाजूंनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. जाणवण्याइतके हलत असेल तर तो परत ठेवावा. त्यानंतर पात्याची बोथट पाठ लाकडी फळीवर टेकवून बेताने दाब द्यावा; त्या वेळी मुठीची बोटे पाते मिटण्याच्या मार्गात येऊ देऊ नयेत. खटका सुटला, तर दुकानदाराने कितीही भाव पाडला तरी तो घेऊ नये. शेवटी चाकू मिटून टोकावरून फडके फिरवावे. फडके अडकले, तर टोक मुठीबाहेर राहते आहे आणि उद्या खिसाच काय, मांडीही फाडेल, असे समजावे.

खटक्याचे प्रकार अनेक आहेत. स्वस्त चाकवांत बहुधा लायनर लॉक असतो, म्हणजे मुठीतली पातळ पट्टी पाते उघडताच त्याच्या बुडाखाली सरकते. ही पट्टी नव्या चाकवात बुडाच्या अलीकडच्या बाजूला, फार तर मध्यापर्यंत टेकलेली असावी. ती नवेपणीच पलीकडच्या टोकाला पोहोचली असेल, तर पुढे झिजायला जागाच उरत नाही. केवळ कमानीवर थांबणाऱ्या, खटका नसलेल्या चाकवाने टोक खुपसण्याचे काम करू नये. १८९० पासून फ्रान्समध्ये बनणाऱ्या ओपिनेल चाकवाला फिरणारे कडे असते आणि ते भरवशाचे आहे. मात्र त्याची लाकडी मूठ ओलाव्याने फुगते, त्यामुळे भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात ऐन रोवणीच्या दिवसांत पाते बाहेर काढताना नखे दुखतील.

पोलादाबाबत फार खोलात जाण्याचे कारण नाही. कार्बन पोलादाला धार लवकर लागते, परंतु संत्र्याच्या आंबट रसाने ते काळे पडते आणि ओले मिटून ठेवले तर गंजते. युरिया किंवा पोटॅशची पोती ज्याला रोज उघडायची आहेत, त्याने स्टेनलेसच घ्यावे. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी स्टेनलेस या किमतीत चांगले आहे. डी२ या पोलादाची धार जास्त टिकते, पण ती पुन्हा आणताना घरच्या साध्या दगडावर घाम निघतो. जिथे धार स्वतःलाच लावायची आहे, तिथे थोडे मऊ पोलादच सोयीचे, असे माझे मत आहे. लाटांची नक्षी दाखवून ‘दमास्कस’ म्हणून विकले जाणारे स्वस्त पाते तर बहुधा नुसते वरून कोरलेले असते. संत्र्याचा डोळा भरण्यासाठी, म्हणजे कलम करण्यासाठी, मात्र खिशातला चाकू वापरू नये. त्या कामाचा वेगळा, स्वच्छ चाकू ठेवावा, कारण कापातून रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

काळी माती सांध्यात बसली की पाते कुरकुरू लागते. तेव्हा ते पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल तेल टाळावे, कारण ते थंडीत थिजते. धार लावताना पाते दगडाशी साधारण २० अंशांत धरावे.

बटण दाबताच पाते उसळणारा, रामपुरी धाटणीचा चाकू घेऊच नये. तो खिशात सापडला, तर शेतीच्या कामाचा आहे हे पोलिसांना पटवणे अवघड जाते. शस्त्र नियमांतील ९ इंच लांबीच्या आणि २ इंच रुंदीच्या मर्यादेपेक्षा आपला चाकू कितीतरी लहान असला, तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणांच्या किंवा निवडणुकीच्या काळात मनाई आदेश निघतो तेव्हा चाकूच काय, लाठी बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. त्या दिवसांत, तसेच कोर्टाच्या तारखेला जाताना चाकू घरी ठेवावा. नागपूरहून विमानाने जायचे असेल, तर तो हातातल्या पिशवीत न ठेवता आत जमा करायच्या सामानात ठेवावा.