डिझेलमधलं पाणी कुठून येत होतं

रबाळे एमआयडीसीत आमच्या कारखान्याचा जनरेटर जुलैत लोड आला की गचके देऊन बंद पडायचा. फिल्टरखालची वाटी उघडली, तर तळाशी बोटभर पाणी. सगळ्यांनी डिझेल पुरवणाऱ्यावर बोट ठेवलं. मीही.

पुढचा टँकर आला तेव्हा रिकामा करण्याआधी दहा मिनिटं उभा ठेवला. काचेच्या जारमध्ये नमुना घेतला, हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी) आणि थर्मामीटर सोडला. 15 अंश सेल्सिअसला घनता किती होईल ते काढलं आणि टँकरसोबतच्या पावतीवरच्या आकड्याशी ताडलं. 3 किलो प्रति घनमीटरपर्यंत फरक चालतो. इथे जेमतेम 1 होता. नमुना स्वच्छ, पारदर्शक. म्हणजे माल चोख!

मग आमच्याच टाकीत डिपकाठीच्या (पातळी मोजायच्या काठीच्या) टोकाला वॉटर पेस्ट, म्हणजे पाणी लागलं की लाल होणारा लेप, लावून ती तळाला टेकवली. चार सेंटीमीटरपर्यंत लालभडक. टाकीवरच्या मॅनहोलचं गॅस्केट (झाकणाखालचं सील) फाटलेलं, झाकणावर पावसाचं पाणी साचायचं आणि थेट आत झिरपायचं. पुरवठादाराला फोन करून तसं सांगितलं. ते मला गरजेचं वाटलं.

तळाचा निचरा केला, गॅस्केट आणि दोन्ही फिल्टर बदलले. टँकरचा नमुना तपासणं मात्र तसंच चालू आहे, आणि पावसाळ्यात दर सोमवारी पेस्टची काठी टाकीत जाते.