मॅपला हात लावायची घाई नको: फ्युएल ट्रिम वाचताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात भोसरीच्या गॅरेजमध्ये माझ्यासमोर एक हॅचबॅक आली. नवा हेडर (इंजिनमधला धूर गोळा करणारे पाईप), फ्री-फ्लो सायलेन्सर, कोन फिल्टर. तपासणी दिवा लागला होता म्हणून आधीच्या ट्यूनरने मॅपमध्ये, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्यात, आयडलच्या (गाडी उभी, इंजिन चालू) सेलमध्ये १८ टक्के पेट्रोल वाढवून दिलं होतं. ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सेन्सर बघून आपणहून पेट्रोलमध्ये करतो ती टक्क्यांतली वाढ-घट, शून्यावर आला, दिवाही गेला. पंधरा दिवसांत प्लग काजळीने काळेठिक्कर झाले. आमच्या पोराने प्लग हातात धरून विचारलं, "सर, सेन्सर लीन सांगत होता आणि प्लग रिच सांगतोय. खरं कोणाचं धरायचं?"

प्लगचं. (लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, रिच म्हणजे जास्त.) मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर सर्वात जास्त वेळ आणि पैसा इथेच वाया जातो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त धुरातला उरलेला ऑक्सिजन. तो कुठून आला, याच्याशी सेन्सरला देणंघेणं नाही. हेडरच्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली गेली, तरी तो लीनच म्हणणार. एक सिलिंडर मिसिंग मारत असेल, तर न जळलेली हवा तशीच बाहेर येते, तेव्हाही लीनच. जास्त ओव्हरलॅपचा (दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) कॅम टाकला, की आयडलला मिश्रण नीट जळत नाही आणि थोडा ऑक्सिजन न वापरताच एक्झॉस्टमध्ये जातो, म्हणजे पुन्हा लीन. ईसीयू बिचारा त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओततो. ट्यूनरने तेच मॅपमध्ये पक्कं केलं, तर चूक लपते, जात नाही.

म्हणून हेडर बदललेल्या गाडीवर पहिलं काम लॅपटॉप उघडायचं नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून स्टार्ट करा आणि हेडच्या बाजूला कान द्या. टिक-टिक आवाज आला आणि इंजिन तापल्यावर हळूहळू बंद झाला, तर पॅकिंग गळतंय. लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते, म्हणून दुपारी आलेल्या गाडीत हा आवाज सापडत नाही. फ्लँजवर काळा फराटा दिसतो का, तेही बघा. शंका राहिलीच तर थंड, बंद इंजिनच्या सायलेन्सरमध्ये ब्लोअरने हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात.

एकच आकडा बघून निदान करणं

ट्रिम दोन असतात: शॉर्ट टर्म म्हणजे ईसीयू या क्षणी करतोय तो बदल, लाँग टर्म म्हणजे त्याने शिकून साठवलेला बदल. बघायची असते दोन्हींची बेरीज. लाँग टर्म +१२ आणि शॉर्ट टर्म −१० असेल, तर गाडी आत्ता +२ वर आहे. दुरुस्ती नुकतीच झाली आहे, जुनी शिकवण अजून पुसलेली नाही, एवढंच. बेरीज ±५ च्या आत असेल तर सुखाने झोपा. ±१० च्या पुढे कारण शोधलंच पाहिजे.

बेरीज तीन ठिकाणी लिहून काढा: आयडल, २५०० आरपीएम आणि चढावर. आयडलला खूप जास्त आणि २५०० ला जवळपास शून्य असेल, आणि हेडर गळत नसेल, तर बहुधा इनटेककडून कुठेतरी हवा घेतेय. ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि फिल्टर बसवताना सैल राहिलेला क्लॅम्प बघा. उलट, कात्रजच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ट्रिम चढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय. प्रेशर ३ बारवरून अडीचवर आलं, तरी इंजेक्टरमधून सुमारे ९ टक्के पेट्रोल कमी जातं. मास एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत फिल्टरचं तेल त्याच्या तारेवर बसलं, किंवा सेन्सरचा पाईप मोठा केला, तर तो हवा कमी मोजतो आणि ट्रिम वर जातो.

मोठे इंजेक्टर बसवले असतील आणि चूक फक्त आयडलच्या आसपास असेल, तर मॅप सोडा, डेड टाइम (इशारा मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा उशीर) तपासा. हेडलाइट आणि एसी लावून बघा. व्होल्टेज पडल्यावर ट्रिम उडी मारत असेल, तर चोर सापडला.

पुण्याची हवा आणि पंपावरचं पेट्रोल

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (हा मॅप वेगळा, मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवं. १०१ दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याचं कॅलिब्रेशन चुकलंय, आणि त्यावर उभा केलेला सगळा फ्युएल टेबल चुकणार.

आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्याचं रासायनिक प्रमाण (एक किलो इंधन पूर्ण जळायला किती किलो हवा लागते ते) निव्वळ पेट्रोलसारखं १४.७ नाही, १३.५ च्या आसपास आहे. निव्वळ पेट्रोलच्या मानाने साधारण ८-९ टक्के जास्त इंधन लागतं. त्यामुळे जुन्या कॅलिब्रेशनच्या गाडीत सगळीकडे सारखाच +५ ते +८ दिसला, तर गळती शोधत बसू नका. आणि वाइडबँडचं (मिश्रण किती रिच-लीन आहे ते नेमकं मोजणाऱ्या सेन्सरचं) मीटर लॅम्डावर ठेवा; लॅम्डा १ म्हणजे कुठल्याही इंधनाचं नेमकं बरोबर प्रमाण. एअर-फ्युएलचे आकडे दाखवणारं मीटर पेट्रोल गृहीत धरून लॅम्डा १ ला १४.७ च म्हणतं, टाकीत काहीही असो.

कंपनीच्या नॅरोबँडवर (गाडीसोबत येणाऱ्या साध्या ऑक्सिजन सेन्सरवर) फुल थ्रॉटलचं ट्यूनिंग करू नका, ही कळकळीची विनंती. ०.४५ व्होल्टच्या आसपास तो पटकन पलटतो, त्यापुढे ०.९ म्हणजे नुसतं "रिच". किती रिच, ते सांगत नाही. तसंच, हेडरच्या जोडांना हाताला लागेल ते सिलिकॉन फासू नका. त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. डब्यावर सेन्सर-सेफ लिहिलंय का बघा.

त्या हॅचबॅकचं पॅकिंग बदललं, मॅपमधले वाढवलेले १८ टक्के काढले, शिकवण पुसली आणि नवे प्लग टाकून कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन आलो. आयडलला +३, २५०० ला +४, घाटात +५. काही दिवसांनी मालकाने प्लग काढून दाखवले. टोकं फिकट तपकिरी होती.