ग्राफिक कार्ड बदलण्याआधी भिंतीतला बोर्ड बघा: गेमिंग पीसीच्या या चुका टाळा

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि त्यावर उपाय म्हणून पोरगा पायात चप्पल घालून खेळायला बसतो. खानदेशात गावोगावी मी हे बघतो आणि दर वेळी जीव वरखाली होतो. साठ-सत्तर हजारांचा पीसी घेताना कार्ड कोणतं, रॅम किती, पंख्यांचे दिवे कुठल्या रंगाचे, यावर महिना महिना चर्चा चालते. घरातल्या बोर्डाला अर्थिंग आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून पहिली चूक तीच, आणि ती मी सविस्तर सांगणार.

एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या आत, लाइट शिरते तिथेच, फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात: फेज आणि अर्थच्या मध्ये एक, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दुसरा. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर त्याला वाट मिळत नाही आणि कॅबिनेटचा पत्रा 230 च्या निम्म्यावर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. एचडीएमआयच्या पोर्टाचा जीव घ्यायला मात्र तेवढा पुरतो.

पारोळा तालुक्यातल्या एका पोराचा फोन आला होता, "दादा, मना पीसी झटका मारस." मी म्हटलं, प्लग काढून ठेव, रविवारी येतो. रविवारपर्यंत त्याला धीर निघाला नाही. शनिवारी रात्री मित्र जमले, क्रिकेटचा गेम मोठ्या टीव्हीवर खेळायचं ठरलं, आणि त्याने चालू पीसीची एचडीएमआय केबल चालू टीव्हीला लावायला घेतली. टीव्हीला केबलवाल्याची वायर होती आणि ती लांब कुठेतरी जमिनीला टेकलेली. टोक पोर्टात शिरताना चट् आवाज झाला, ठिणगी दिसली आणि सगळं काळं. मी गेलो तेव्हा कार्डाचं पोर्ट आतून करपलेलं होतं, टीव्हीचंही एक पोर्ट गेलेलं. बोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनेच्या भोकामागे हिरवी वायर होती, स्क्रूखाली घट्ट आवळलेली. बघणाऱ्याला वाटावं, अर्थिंग आहे. मग वायरीचा माग काढत मीटरपर्यंत गेलो. तिथे तिचं दुसरं टोक पाइपाशेजारी मोकळं लटकत होतं. घर बांधल्यापासून ते कोणी जोडलंच नव्हतं.

म्हणून नुसती वायर बघू नका, वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जायला नको. फेज-अर्थला भलताच, हलता आकडा आला तर अर्थिंग नाही असं समजा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डाही कोरडा ठणठणीत होतो आणि हिवाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात दगा देतं. मी होळीनंतर पहिल्या पावसापर्यंत खड्ड्यात नियमाने बादलीभर पाणी ओततो. फुकटचं काम आहे, तरी लोक करत नाहीत.

यातले दोन शॉर्टकट मला अजिबात खपत नाहीत. एक, थ्री पिनची जाड पिन तोडून प्लग दोन भोकांत कोंबणं. दुसरा त्याहून वाईट: बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडणं. मुंग्या लगेच थांबतात, त्यामुळे सुचवणारा हुशार वाटतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की पूर्ण 230 व्होल्ट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतात आणि हात लावणारा घरातलाच असतो. असं कोणी करून दिलं असेल तर आजच काढा.

आता उन्हाळा. भुसावळ-जळगावला पारा 45 च्या पुढे जातो, आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत पीसी चालवून "गेम अडकतो" म्हणणाऱ्याला मी आधी खोलीचं तापमान विचारतो. पंखा कितीही महागाचा असो, तो खोलीतलीच हवा आत ओढतो. 25 अंशांच्या खोलीत 75 वर चालणारं कार्ड 40 अंशांच्या खोलीत 90 कडे निघतं. मग ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि तुम्हाला वाटतं कार्ड जुनं झालं.

तपासायची रीत सोपी आहे. गेम चालू ठेवून कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा. तापमान दहाएक अंशांनी उतरलं तर दोष कॅबिनेटचा. पुढे सलग काच असलेल्या देखण्या डब्यांत हवा शिरायला जागाच नसते. काहीच फरक पडला नाही तर खोली तापलेली आहे किंवा थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंकच्या धातूकडे नेणारा लेप, सुकली आहे. मी स्वतः उन्हाळाभर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढायची मर्यादा) 80 टक्क्यांवर ठेवतो. फ्रेम थोड्या कमी होतात, खेळताना जाणवतही नाही, आणि उष्णता चांगलीच उतरते.

कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत जातात आणि सुकल्यावर मदरबोर्डवर पांढरी पूड उरते. कूलर आडवा ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो.

कापसाबद्दल कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवायचा, ही आपल्याकडची रीतच. बऱ्याच घरांत पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात पोराचा पीसी. त्याचे तंतू साध्या धुळीसारखे झटकून पडत नाहीत. ते कार्डाच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकून नमद्यासारखा थर धरतात. वरून पंखा फिरताना दिसतो, खालून हवा जात नाही. शक्य असेल तर कापूस घरात आहे तोवर पीसी दुसऱ्या खोलीत न्या. नसेल तर दर पंधरा दिवसांनी अंगणात नेऊन ब्लोअर मारा, आणि मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. हवेने पंखा भन्नाट फिरवायची मजा वाटते, पण त्यात बेअरिंग जातं.

लाइट गेल्यावर यूपीएस असूनही पीसी बंद पडतो, ही तक्रार कायमची. 600 व्हीए लिहिलेला साधा यूपीएस 360 वॅटचा असतो, आणि गेम चालू असताना पीसी त्याहून जास्त ओढू शकतो. तो यूपीएस ऑफिसातल्या टायपिंगच्या पीसीसाठी आहे. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा आणि तिकडेच ठेवा. लाइट गेल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो. दुसऱ्या मोडवर इन्व्हर्टर याहून उशिरा बदलू शकतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर गेमिंग पीसी लावूच नका. आणि बिननावाचा एसएमपीएस घेऊन वाचवलेले हजार-दीड हजार पुढे कार्डासकट जातात.

बाकीच्या चुका झटपट सांगतो. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, खाली ग्राफिक कार्डाला लावा. नव्या पीसीवर "एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) येत नाही" म्हणणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी बघावं. 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी विंडोज तो 60 वर ठेवू शकतं, डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन बदला. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरू नका. व्हॅलोरंट गेमचा सर्व्हर मुंबईत आहे, तरी पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) उडत असेल तर वायफाय सोडा आणि लॅन केबल ओढा. क्रॅक गेम चालवायला विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करू नका. रात्रभर पीसी तापतो तो कित्येकदा त्याबरोबर आलेल्या मायनरमुळे, म्हणजे तुमच्या पीसीवर चोरून दुसऱ्यासाठी क्रिप्टो कमावणाऱ्या प्रोग्राममुळे.

आणि एका रात्रीत विंडोज नवीन टाकणं, ड्रायव्हर बदलणं, बायोस अपडेट करणं आणि रॅम हलवणं हे सगळं एकदम करू नका. उतावळ्या नवख्यांचा हा हमखास खेळ. पीसी सुरळीत झाला तरी कशाने झाला ते कळत नाही, आणि बिघडला तर परतीची वाट सापडत नाही. मी प्रत्येक पीसीसाठी एक वही ठेवतो: तारीख, खोलीचं तापमान, कार्डाचं आणि प्रोसेसरचं तापमान, कोणता गेम, त्या दिवशी केलेला एकच बदल. दुसरा बदल त्याच गेमवर अर्धा तास खेळून बघितल्यावर.