नवी पद्धत आधी एकाच मशीनवर लावा
सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ साली आधी अमरेलीत सुरू केलं. सगळ्या बडोदा संस्थानात ते लागू झालं १९०६ मध्ये. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात आम्ही उलट केलं. पाळी बदलताना भरायचा नवा तक्ता एका सोमवारी सहाही लेथ मशीनवर (धातू कातायच्या यंत्रांवर) लावला. शनिवारी बघितलं तर रकाने कोरे.

मग मी एकच मशीन निवडलं, सगळ्यांत जुन्या काकांचं. शेजारी स्टूल टाकून दोन दिवस बसले. तासाभरातच ते म्हणाले, "बेन, हात तेलाने माखलेले. पेन धरू कसं?" आणि तक्त्यात रकाने होते चौदा! आम्ही तीन ठेवले: मशीन का थांबलं, टूल (कापायचं हत्यार) कधी बदललं, पुढच्या माणसाला काय सांगायचंय. कागदाऐवजी मशीनला पाटी टांगली, बरोबर खडू.

तुम्हीही आधी असं शेजारी बसा. तक्रार आली की त्याच दिवशी काहीतरी बदला. उद्यावर ढकललंत, तर लोक सांगायचंच सोडतात. नोंदींची जुनी वही कधी बंद होणार ती तारीख पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर वही आणि पाटी दोन्ही अर्धवट भरल्या जातात. मोजा एकच गोष्ट: पाळी बदलल्यावर पहिला जॉब (घडवायचा भाग) मशीनवर लागायला किती मिनिटं लागली. तो आकडा साहेबांच्या केबिनमध्ये नको, त्याच पाटीवर लिहा.

दुसऱ्या मशीनवर शिकवायला मी गेले नाही. काकांना पाठवलं.