नवी जलवाहिनी मागण्याआधी: शहराच्या पाण्याचा हिशेब कसा मांडावा

गोव्यात उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की मागणी ठरलेली असते: ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प वाढवा, साळावली धरणाहून आणखी एक वाहिनी आणा. पण आज प्रकल्पातून निघणारे पाणी नेमके जाते कुठे, हे मोजल्याशिवाय ही मागणी पुढे रेटू नये. गळक्या जाळ्यात जादा पाणी सोडले की दाब वाढतो आणि दाबाबरोबर गळतीही वाढते.

मोजणी जानेवारी ते मे या काळात करा. पावसाळ्यात गटारे भरून वाहत असतात, त्यात फुटलेल्या नळाचे पाणी ओळखू येत नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा पर्यटकांमुळे फुगलेला असतो, तो टाळा.

पहिला आकडा जाळ्यात शिरणाऱ्या पाण्याचा. तो पंप किती तास चालला यावरून काढू नका. झिजलेला पंप पाटीवर लिहिलेले पाणी देत नाही. मुख्य मीटर टाकीवरच तपासता येतो. टाकीचे आत येणारे आणि बाहेर जाणारे व्हॉल्व्ह बंद करून तासभर पातळी पाहा. ती उतरली तर टाकी किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे, आधी तो दुरुस्त करा. मग बाहेरचा व्हॉल्व्ह बंदच ठेवून पाणी घ्या. २० बाय १० मीटरच्या टाकीत पातळी एक मीटर चढली म्हणजे २०० घनमीटर पाणी आले. मीटरने १८० दाखवले तर पुढचा सगळा हिशेब दहा टक्क्यांनी चुकणार.

पाइपवर बाहेरून बसवायचा अल्ट्रासॉनिक मीटर सोयीचा खरा, पण त्याच्या आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप हवा. जुन्या बिडाच्या पाइपमध्ये आतून गंजाचे थर असतात. आतला व्यास ३०० मिलिमीटर धरला आणि प्रत्यक्षात २९० निघाला, तर प्रवाह सात टक्के जास्त दिसतो.

दुसरा आकडा अधिकृत वापराचा. मीटरवरची बिले, टँकर भरण्याची केंद्रे, सार्वजनिक नळ, अग्निशमन दल, वाहिन्या धुण्यासाठी सोडलेले पाणी हे सगळे त्यात येते. गोव्यात २०२१ मध्ये महिन्याला १६ घनमीटरपर्यंत घरगुती पाणी मोफत देण्याची योजना सुरू झाली. असे पाणी गळतीत टाकू नका. पैसे आले नाहीत तरी तो वापरच आहे. त्या काळातील बिले तपासताना १६ च्या जरा खाली रीडिंगची गर्दी दिसली तर ती घरे प्रत्यक्ष पाहून या. महिनोन्‌महिने शून्य रीडिंग असलेल्या घरांचीही वेगळी यादी करा. काही खरोखर बंद असतात, मालक परदेशात असतो. काहींचा मीटर अडकलेला असतो. शंका आलेल्या मीटरवर २० लिटरची बादली आधी जोरात आणि मग अगदी बारीक धारेने भरून पाहा. जुने मीटर बारीक धारेतच कमी दाखवतात आणि टाकीचा फ्लोट बंद होत येताना धार नेमकी तशीच असते.

पहिल्यातून दुसरा आकडा वजा केला की तूट कळते. तिचे दोन भाग होतात. चुकीचे मीटर आणि चोरटे नळ ही कागदावरची तूट. ती मीटर बदलून आणि घरोघर पाहणी करून भरून निघते. उरलेली जमिनीत मुरते, आणि जांभ्या मातीत ती फार वेळ वर दिसतही नाही. तिच्यासाठी जाळ्याचे, वेगवेगळे मोजता येतील असे विभाग पाडावे लागतात.

एका विभागात एक ते दोन हजार जोडण्या पुरे. पणजीत आल्तिनो टेकडीच्या उतारावरून खाली मळ्याकडे जाणाऱ्या भागासारखी नैसर्गिक सीमा मिळाली तर उत्तम. खरे काम सीमेवरचे व्हॉल्व्ह शोधण्याचे असते, कारण रस्त्याच्या हॉटमिक्स डांबराच्या थराखाली ते कितीतरी वेळा गाडले गेलेले असतात. लाइनमनला सोबत घ्या. नकाशात नसलेले त्याच्या डोक्यात असते. सगळे व्हॉल्व्ह सापडले की ते आणि प्रवेशाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब शून्यावर उतरतो का ते बघा. उतरला नाही तर पाणी कुठून तरी आत येते आहे. ते सापडेपर्यंत पुढची मोजणी व्यर्थ आहे.

नंतर रात्री दोन ते चारचा प्रवाह मोजा. उदाहरण घेऊ: २,००० जोडण्या, पहाटे तीनला ताशी ३० घनमीटर. रात्रीचा खरा वापर जोडणीमागे ताशी तीन लिटर धरला तर सहा घनमीटर झाले. म्हणजे गळती ताशी २४. ती २४ तासांनी गुणू नका. दिवसा दाब कमी असतो, म्हणून अंदाजे २० ने गुणा: दिवसाला ४८० घनमीटर. पाणी दिवसातून चारच तास येत असेल तर ही पद्धत लगेच चालत नाही, कारण रात्री दिसणारा प्रवाह घरोघरच्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, जात असतो. तेवढ्या भागाला सलग दोन-तीन दिवस पाणी द्या, संप भरू द्या, मग मोजा.

गळती मोठ्या वाहिनीतच असते हा समज सोडा. फुटलेली वाहिनी दिसते आणि त्याच दिवशी दुरुस्त होते. घराच्या जोडणीवरची बारीक धार मात्र महिनोन्‌महिने चालू राहते. गटारातून नेलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गंजतात आणि पाणी बंद असताना त्याच छिद्रांतून घाण आत ओढली जाते. जोडणी बदलताना फक्त पाइप बदलू नका. सॅडल (मुख्य वाहिनीवर बसणारा पट्टा) आणि फेरूल (त्यातून जोडणी काढणारी तोटी) हेही नवे घाला, पाइप एमडीपीईचा (मध्यम घनतेच्या पॉलिथिलीनचा) वापरा आणि तो गटाराबाहेरून न्या. शेवटच्या नळावर उर्वरित क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी आढळले तर त्या गल्लीपासून सुरुवात करा.

आराखड्यात क्रम असा ठेवा: मीटर, विभाग, जोडण्या, दाब आणि सर्वांत शेवटी वाहिन्या. टेकडीवरच्या टाकीखालील भागात दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. तो पाइपच्या व्यासावरून न निवडता रात्रीच्या आणि दिवसाच्या प्रवाहावरून निवडा. फार मोठा निवडला तर कमी प्रवाहात थरथरतो. त्याच्या आधी गाळणी हवी आणि दुरुस्तीसाठी बायपास हवा. तीन मजली इमारतीला रस्त्यावर किमान १७ मीटर दाब (तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाइतका) लागतो, त्याखाली उतरू नका. कोणती वाहिनी आधी बदलायची हे तिच्या वयावरून ठरवू नका. वर्षात किलोमीटरमागे ती किती वेळा फुटली, ते पाहा. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप निघाला तर तो कोरडा कापू नका: जोडापुरता ओला करून कापा, बाकीचा जमिनीतच सोडा आणि नवी वाहिनी बाजूने टाका.