रविवारचे वाटण, आठवडाभराचा रस्सा

कामावरून सात-साडेसातला घरी पोहोचल्यावर कांदा-खोबरे भाजून वाटत बसले, तर कोल्हापुरी रस्सा जेवणाच्या वेळेत होत नाही. त्यासाठी वाटण सुट्टीच्या दिवशीच करून गोठवून ठेवावे.

१. 4 मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलात तांबूस होईपर्यंत परतावेत. 1 वाटी किसलेले सुके खोबरे, 2 चमचे तीळ आणि 1 चमचा खसखस वेगवेगळी भाजावी, कारण एकत्र भाजल्यास खोबरे होईपर्यंत तीळ करपतात.

२. गार झाल्यावर लसणाचा 1 गड्डा, 2 इंच आले व मूठभर कोथिंबीर घालून शक्य तितक्या कमी पाण्यात बारीक वाटावे.

३. हे वाटण तेल सुटेपर्यंत परतून, पूर्ण गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावे आणि वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात काढाव्यात.

चौघांच्या रश्शाला साधारण 3 ते 4 वड्या लागतात. फोडणीत कांदा-लसूण चटणी घालून त्यावर वड्या व गरम पाणी घालावे, आणि उकळी आली की शिजवलेला अख्खा मसूर, मोड आलेली मटकी किंवा उकडलेली अंडी सोडावीत. मटकीला शिजायला थोडा अधिक वेळ द्यावा. मुलांसाठी चटणी कमी घालावी, रस्सा वाटणामुळे तरीही चवदार लागतो. सोबत भाकरी असेल तर दुसरे काही करावे लागत नाही.

वाटणात ओले खोबरे वापरू नये आणि एकदा वितळलेली वडी पुन्हा गोठवू नये.