वॉर्डात देवाची तसबीर लावताय? या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे दारात उभं राहून चित्राची जागा ठरवणं. चित्र बघणारा माणूस आडवा पडलेला असतो. त्याला समोरची भिंत दिसते म्हणून विठ्ठल-रखुमाई तिथेच टांगले जातात, आणि पेशंटचे पाय रात्रंदिवस देवाकडे होतात. म्हाताऱ्या बायका बोलून दाखवत नाहीत, गुपचूप पाय पोटाशी घेतात. पायाला प्लॅस्टर असेल तर तेही जमत नाही. देवाची तसबीर बाजूच्या भिंतीवर लावा, मान जराशी वळवली की दर्शन व्हावं. पायांसमोर झाडं, नदी, भाताची खाचरं शोभतात. पलंगाची पाठ ३० अंश उचलून स्वतः झोपून बघा. नजर जिथे टेकते तिथे पेन्सिलीने खूण करा, चित्राचा मध्य तिथेच येऊ द्या. ट्यूबलाइट चमकत असेल तर चित्राला मॅट फिनिश घ्या.

झाडांचा आग्रह उगाच नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली, असं संशोधक रॉजर उल्रिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं.

वारली चित्र हवं असेल तर लग्नचौक शोभेसाठी उचलू नका. त्यात पालघट देवी असते, तो लग्नाचा विधी आहे. तारपा नाच किंवा शेतीची कामं घ्या. गेरूवर तांदळाच्या पिठाचं काम ओल्या फडक्याने निघून जातं आणि दमट भिंतीवर बुरशी धरतं. त्यामुळे अ‍ॅक्रिलिक रंगात, पुसता येईल अशा बोर्डावर काढून घ्या. कापडी चित्रं धूळ धरतात. वॉर्ड पुसायच्या हायपोक्लोराइट जंतुनाशकाने रंग उडतो, पितळ काळं पडतं, म्हणून चित्रावर आवरण हवंच. काच फुटू शकते, तिच्याऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट बसवा आणि कडा सिलिकॉनने बंद करा. फट राहिली की मागे झुरळं होतात.

ऑक्सिजन सुरू आहे तिथे निरांजन किंवा उदबत्ती नकोच. ऑक्सिजन वाढलेल्या हवेत कापूस, केस, चादर क्षणात पेट घेतात. आयसीयूत आणि केमोथेरपीच्या वॉर्डात ताजी फुलंही नकोत, फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात.

सामायिक वॉर्डात भिंतीवर एकाच धर्माचं चिन्ह लावलं की बाकीचे पेशंट पाहुणे होतात. तिथे भिंत निसर्गाला द्या आणि प्रत्येक पलंगाशी पुसता येणारी छोटी फळी बसवा. कुणी त्यावर गणपती ठेवेल, कुणी क्रूस, कुणी तसबीह म्हणजे जपमाळ, कुणी बाबासाहेबांचा फोटो. फळी दोन्ही बाजूंना सरकवता आली पाहिजे, कारण सलाइन कुठल्या हाताला लागेल ते आधी ठरत नाही.